तळहाताखालचा तानपुरा

रेडिओग्राम म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. आमच्या बैठकीत पहिल्यांदा येणारा माणूस आधी हेच विचारतो, की घरात माणसं दोन आणि एवढी कपाटं कशाला. मग मी उठून एकेकाचं झाकण उघडतो. आत एका बाजूला रेडिओ, दुसऱ्या बाजूला रेकॉर्ड फिरवणारी तबकडी, खाली जाळीच्या कापडामागे ताटाएवढा स्पीकर, आणि हे सगळं कमरेएवढ्या उंच, चार पायांच्या लाकडी पेटाऱ्यात. आम्ही लहान असताना ज्यांच्याकडे रेडिओग्राम असायचा त्यांच्या घरी आम्हाला हातपाय धुऊन, भांग पाडून नेत असत. पुढे ट्रान्झिस्टर आले, टेप आले, टीव्ही आले आणि या पेटाऱ्यांचे हाल कुत्रं खाईना.

मी ते ग्वाल्हेरात कुठल्या कुठल्या अवस्थेत पाहिलेत! टोपी बाजारात एका घाऊक दुकानदाराने त्याचा गल्ला केला होता, तबकडी काढून तिथे सुटे पैसे. पडावावरच्या एका लॉजमध्ये त्याच्यावर माशांची काचेची टाकी ठेवलेली, आणि पाणी झिरपून वरचं लाकूड पापडासारखं फुगलेलं. लष्कर भागातल्या एका चांगल्या घरात, ज्यांचे पूर्वज दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते, तिथे आतलं सगळं उपसून जोडे ठेवले होते. मी त्या गृहस्थांना जरा तोडूनच बोललो. त्यांनी मला शांतपणे विचारलं, की मग तुमच्याकडे जोडे कुठे ठेवतात. पेटारा मात्र त्यांनी दिला.

लोकांना वाटतं, मला गाण्याचा फार नाद असणार. खरी गोष्ट अशी आहे, की मला सूर कळत नाही. म्हणजे अजिबातच नाही. ग्वाल्हेरात, मराठी घरात, आणि त्यातून गाणाऱ्या बाईशी लग्न करून एखाद्याला सूर कळू नये, ही लाजेची गोष्ट आहे, पण आहे ती आहे. मला लाकूड आवडतं. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापताना येणारा धुळीचा वास आवडतो. बंद पडलेलं यंत्र उघडून, दोन दोन महिने डोकं घालून, पुन्हा चालू करायला आवडतं. त्यातून गाणं बाहेर येतं ते माझ्या दृष्टीने यंत्र चालू असल्याची खूण, बाकी काही नाही. सिटी सेंटरच्या विम्याच्या ऑफिसात मी उभं आयुष्य फायली पाहिल्या, आणि घरी आल्यावर स्क्रू.

गाणं बायकोचं. ती मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची आणि सकाळ-संध्याकाळ घरी शिकवणी. आमच्या घरात तानपुरा कधी बंद नसायचा. लग्नानंतर तिने मला पहिल्या बैठकीला नेलं तेव्हा हळूच सांगून ठेवलं होतं, की टाळ्या स्वतःच्या अकलेने वाजवायच्या नाहीत, शेजारच्याचं पाहून वाजवायच्या. मी ते आयुष्यभर पाळलं. गाताना मी तिच्याकडे कधी पाहत नसे, समोरच्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत असे. त्यांच्या माना डोलल्या की मला समजायचं, चांगलं चाललंय. ही माझी सवय ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

मग तिला ऐकू येईनासं झालं. एकदम नाही. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची बेल, मग मागच्या रांगेतल्या मुली. पन्नाशीही गाठली नव्हती तिने. डॉक्टर म्हणाले, नस सुकते आहे, घराण्यातलं असेल. एक दिवस तानपुरा जुळवायला बसली ती अर्धा पाऊण तास खुंट्याच पिळत राहिली. शेवटी तिने तो आपल्या सर्वात जुन्या शिष्येला बोलावून देऊन टाकला. ती शिष्या आता स्वतः शाळेत शिकवते, चाळिशीची आहे, तरी आमच्याकडे अजून मुलीसारखी येते. ती नको नको म्हणत होती. बायकोने तानपुऱ्याला हळदकुंकू लावलं, गवसणी घातली आणि तिच्या हातात दिला. मी त्या वेळी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

कानात घालायचं मशीन आणलं. त्याने समोरासमोरचं बोलणं थोडं थोडं समजायला लागलं, बाकी ती ओठ वाचते. पण गाणं त्या मशीनमधून तिला सहन होत नाही. पत्र्यावर वाळू ओतावी तसं लागतं म्हणाली. घरात एक विजेवरचा छोटा तानपुराही होता, डबीएवढा, तो तिला ऐकूच येत नसे. तिने शिकवण्या बंद केल्या. हळदीकुंकवांना जाणं बंद केलं, कारण बायका चार बाजूंनी बोलतात आणि तिने कुणाकुणाचे ओठ पाहायचे. आमच्या घरात शांतता आली. मला सूर कळत नसला तरी ती शांतता कळत होती, आणि ती मला खात होती.

त्या दिवसांत मी एक पेटारा दुरुस्त करत होतो. तो अगदी पहिला, लाकडासाठी म्हणून घेतलेला. एका दुपारी तो चालू झाला. मी हाताला लागेल ती ख्यालाची रेकॉर्ड लावली आणि मागून व्हॉल्व्ह नीट तापताहेत ना ते पाहत बसलो. बायको फडकं घेऊन आली, वरची धूळ पुसायला तिने हात ठेवला आणि तो तसाच राहिला. मला वाटलं, शॉक बसला. मी धावत पुढे आलो. तिने डोळे मिटले होते.

"विलंबित एकताल," ती म्हणाली.

मी रेकॉर्डचं पाकीट उलटून पाहिलं. त्यावर तेच छापलं होतं.

पुढचे पेटारे मी का जमवले ते आता कळलं असेल. मोबाइलचे, खोक्यातले, भिंतीवरचे स्पीकर हाताला काही सांगत नाहीत. रेडिओग्रामचं तसं नाही. त्याचं आख्खं अंगच वाजतं. झाकणावर तळहात ठेवला की आतली थाप हाताला पोचते. आम्ही दोघं रविवारी निघायचो. कुणी सांगितलं असेल त्या घरी, कबाड्याकडे, कधी मुरारच्या बाजूला, कधी दाणाओळीत. मी मागचा पुठ्ठा काढून आत टॉर्च मारायचो, आणि पेटारा चालू असेल तर ती वर हात ठेवायची. एकदा एक अडचण झाली. बांगड्या लाकडावर किणकिणतात आणि तेवढंच हाताला जाणवत राहतं, म्हणून तिने त्या काढून माझ्या हातात दिल्या. त्या घरच्या आजी लगबगीने पुढे आल्या आणि म्हणाल्या, सवाष्णीने असं भरल्या घरात हात मोकळे करू नयेत. तेव्हापासून तिने युक्ती केली. बांगड्या कोपरापर्यंत वर सारायच्या आणि माझ्या हातरुमालाने तिथे बांधायच्या. माझे सगळे रुमाल त्या गाठींनी चुरगळलेले असत. ग्वाल्हेरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानदारांत आम्ही त्यासाठी प्रसिद्ध झालो होतो, आणि मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

तिची पारख मी कधी चुकताना पाहिली नाही. हा पेटारा नुसता भणभणतो, हा खोकतो, याच्या आत काहीतरी सुटं आहे, असं सांगायची आणि घरी आणून उघडला की तसंच निघायचं. एक मोठा पेटारा आम्हाला पुण्याला कायमच्या निघालेल्या एका कुटुंबाकडून मिळाला. अक्रोडाचं लाकूड, गुळासारखा रंग, स्पीकर खाली तोंड करून बसवलेला, त्यामुळे जमीनसुद्धा थरथरायची. तिने त्यावर हात ठेवला, चप्पल काढली, पाय फरशीवर नीट टेकवले आणि बराच वेळ उभी राहिली. मग मला म्हणाली, बाकीचे बोलतात, हा गातो.

त्यावरच ती पुन्हा गायला लागली.

ते असं झालं. रेकॉर्डींच्या एका गठ्ठ्यात मला एक मोठी रेकॉर्ड मिळाली, दोन्ही बाजूंना नुसता तानपुरा. मला वाटलं, ही कसली रेकॉर्ड, यात गाणं कुठे आहे. शिष्येने ती ऐकली, पेटीवर पट्टी पाहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तो तानपुरा काळी चारचा होता. गाणाऱ्या प्रत्येकाचा सा ठरलेला असतो, पेटीच्या अमुक एका पट्टीवर, आणि माणसाच्या जोड्याचा नंबर बदलत नाही तसा तो सहसा बदलत नाही. बायकोचा सा काळी चार. लहानपणापासून तोच. तिचे वडील सकाळी त्याच पट्टीवर तिला उठवायचे म्हणे.

मग रोज सकाळी ती त्या मोठ्या पेटाऱ्याजवळ स्टुलावर बसायची, बांगड्या वर बांधायची, डावा हात झाकणावर ठेवायची आणि उजव्या हाताने मला खूण करायची. मी सुई टेकवायचो. शिष्या म्हणाली होती, काका, मोबाइलची वायर जोडून द्या नं, तासन् तास तानपुरा चालेल, पंधरा-वीस मिनिटांनी रेकॉर्ड उलटायची झंझटच नाही. मला ते पटलंही होतं. बायकोनेच नको म्हटलं. सुई टेकते तेव्हा तळहाताला एक बारीकसा ठोका लागतो, म्हणजे सुरू झालं. बाजू संपली की एक खरखर लागते, म्हणजे संपलं. मोबाइलचा तानपुरा चालू आहे की बंद, हे आपल्याला कोण सांगणार, असं तिचं म्हणणं.

ती गायली तशी मी सवयीप्रमाणे शिष्येच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शिष्या मान डोलवत होती, आणि रडत होती. मला तेवढं पुरे होतं.

असे दोन-अडीच हिवाळे गेले. जुन्या मुली परत यायला लागल्या. बायको त्यांना शिकवत नव्हती, पण त्या समोर बसायच्या. तिच्या चेहऱ्यावर पुन्हा जुनी अरेरावी आली. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं की मला ऐकू येत नाही म्हणायची. आमच्या घरात परत भांडणं व्हायला लागली, आणि मला इतकं बरं वाटायचं की मी मुद्दाम उकरून काढायचो.

मागच्या संक्रांतीनंतर तिने स्वतःहून ठरवलं, की हळदीकुंकू आपल्याकडे करायचं आणि त्यात गायचं. ग्वाल्हेरच्या मराठी बायकांत रथसप्तमीपर्यंत ही बोलावणी चालू असतात. इतक्या वर्षांत ती कुणाकडे गेली नव्हती, त्यामुळे बातमी पसरली आणि बोलावलं त्याहून जास्त बायका येणार असं दिसायला लागलं. तिने तिळाच्या वड्या स्वतः थापल्या. काळी साडी इस्त्रीला दिली. तबला नको, पेटी नको, नुसता तानपुरा आणि मी, असं शिष्येला सांगितलं. भीती वाटते का, असं मी विचारलं. ती म्हणाली, तिला एवढंच पाहायचंय की लोकांसमोर अजून होतं की नाही. झालं तर मे महिन्यात शिकवणी पुन्हा सुरू करायची. खालच्या मजल्यावरच्या एका मुलीला तिने तसं कबूलही करून टाकलं होतं.

मी माझ्या बाजूने सगळं चोख केलं. तबकडी बरोबर वेगाने फिरते की नाही हे पाहायला पुठ्ठ्याची एक चकती असते. तिच्या कडेने बारीक काळ्या रेघा असतात. ती तबकडीवर ठेवून फिरवायची आणि जुन्या, चोकच्या, डोळ्याला न दिसेल इतकं भरभर लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटखाली पाहायची. वेग बरोबर असेल तर फिरणाऱ्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. वेग कमी असेल तर मागे सरकतात, जास्त असेल तर पुढे. मी त्यासाठीच बैठकीत एक जुनी ट्यूब राखून ठेवली आहे. त्या दुपारी खिडकीतून ऊन थेट पेटाऱ्यावर येत होतं. मी पडदा ओढला, ट्यूब लावून चकती ठेवली, रेघा अगदी पहाऱ्यावरच्या शिपायासारख्या उभ्या होत्या. मी तिला बोलावून दाखवल्या. तिने माझ्या पाठीवर थाप मारली.

जानेवारीत ग्वाल्हेरची संध्याकाळ कशी असते ते इथे राहिल्याशिवाय समजत नाही. ऊन उतरलं की थंडी फरशीतून वर येते. सगळ्या कॉलनीचे हीटर एकदम लागतात. त्यातून संक्रांत झाली की लग्नं पुन्हा सुरू होतात, आणि आमच्या मागेच मॅरेज गार्डन आहे. तिथले सगळे दिवे लागले की उन्हाळ्यात आमच्याकडचा पंखासुद्धा दमल्यासारखा फिरतो. हे मला सगळं माहीत होतं आणि कधी महत्त्वाचं वाटलं नव्हतं, कारण ती नेहमी सकाळी, उन्हं वर आल्यावर गायची.

बायका आल्या. हळदकुंकू झालं, अत्तर झालं, वाण दिलं. बायको काळ्या साडीत इतकी सुंदर दिसत होती की मी उगाच दोनदा आत-बाहेर केलं. मग ती स्टुलावर बसली, रुमालाने बांगड्या बांधल्या, झाकणावर हात ठेवला आणि मला खूण केली. मी सुई टेकवली. तिने डोळे मिटून सा लावला.

मी चेहऱ्यांकडे पाहिलं.

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी मान खाली घातली. दुसरी वाणाच्या वाटीकडे पाहायला लागली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. मी शिष्येला शोधलं. ती भिंतीशी बसली होती, हातात मोबाइल धरून, रेकॉर्डिंग करत. तिने ओठ घट्ट मिटले होते आणि ती जमिनीकडे पाहत होती. मला सूर कळत नाही, पण चेहरे मी आयुष्यभर वाचले आहेत. मला वाटलं, जाऊन दिवा घालवावा, सुई उचलावी, काहीही करावं. आणि ती तर मोकळ्या गळ्याने, आनंदाने गात होती.

मग तिने डोळे उघडले. ओठ वाचणारी बाई ती, तिला चेहरे वाचायला कितीसा वेळ लागणार. तिने एकदा सगळ्या रांगा पाहिल्या. गाणं थांबवलं. झाकणावरचा हात उचलून मांडीवर ठेवला आणि रुमालाची गाठ सोडली. बांगड्या मनगटावर उतरल्या.

"वड्या घ्या सगळ्यांनी," ती हसून म्हणाली. "थंडी फार आहे."

सगळ्यांनी वड्या घेतल्या. सगळ्यांनी सांगितलं, फार छान झालं. एक शेजारीण हिंदीत म्हणाली, की आंटी, इस उमर में इतना गाना कोई मामूली बात नहीं है. संक्रांतीला सगळे गोडच बोलतात. मला त्या खोलीतल्या प्रत्येक बाईचा इतका राग आला की मी कुणाला दारापर्यंत सोडायलाही गेलो नाही. त्यांचा काय दोष होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटाऱ्याजवळ जाऊन उभा राहिलो तर तिने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि कोपऱ्यातलं स्टूल उचलून मोरीत ठेवलं, कपडे भिजवायची बादली ठेवायला. खालच्या मुलीच्या आईला तिने सांगितलं, की मे महिन्यात जमणार नाही.

मग शिष्या आली. बायको अंघोळीला गेली होती. शिष्येचा चेहरा उतरलेला होता. तिने मोबाइल काढला. त्यात आता सूर मोजायचं काहीतरी मिळतं, गायलं की काटा कुठल्या पट्टीवर आहे ते दाखवतो. तिने त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग लावलं. आधी सुरुवातीचा तानपुरा, एकटा. काटा पांढरी पाचवर जाऊन थांबला. मग पुढे जाऊन बायकोचा आवाज. काटा काळी चारवर.

मला काही उमजेना. तिने मला दोनदा समजावून सांगितलं. तानपुरा अर्ध्या सुराने खाली उतरला होता. थंडीने आतलं वंगण घट्ट झालं असेल, तबकडी फिरवणारं रबराचं चाक कडक झालं असेल, व्होल्टेज पडलं असेल, तबकडी हळू फिरली आणि तानपुरा उतरला. बाईंनी, म्हणजे बायकोने, मात्र आपला सा गळ्यातून काढला होता, चाळीस वर्षांचा. तो जिथे हवा तिथेच होता. दोन्ही एकत्र ऐकणाऱ्याला एवढंच कळलं, की कुणीतरी एक बेसूर आहे.

"काका, मी त्यांच्याजवळ इतकी वर्षं शिकले," ती म्हणाली. "आणि मला मशीनवर शक नाही आला. मला बाईंवर आला."

ती रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी आनंद झाला होता. मला वाटलं, सुटलो. बायको चुकलेलीच नाही, हे तिला सांगितलं की झालं. स्टूल मोरीतून परत आणायचं, धुवायचं आणि जागेवर ठेवायचं, एवढंच काम राहिलं असं मला वाटलं.

तिला आम्ही सांगितलं. ती आम्हा दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने पाहत राहिली आणि मग समजूत काढणाऱ्या मुलांकडे पाहून आई हसते तशी हसली. शिष्येच्या केसांवरून हात फिरवला. मोबाइलवरचा काटा तिने पाहिलाच नाही, असले काटे आपल्याला कळत नाहीत म्हणाली. मी म्हटलं, थांब, संध्याकाळ होऊ दे.

संध्याकाळी हीटर लागले, मागचे दिवे लागले. मी पुठ्ठ्याची चकती तबकडीवर ठेवली, जुनी ट्यूब लावली आणि तिला हाताला धरून आणलं. हळदीकुंकवाच्या दुपारी तिने स्वतःच्या डोळ्यांनी उभ्या पाहिलेल्या रेघा आता मागे मागे सरकत होत्या. एकसारख्या, न थांबता, मुंग्यांसारख्या. ती वाकून पाहायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो. यात मी काही सांगायचं नव्हतं, काही समजावायचं नव्हतं. तिला दिसत होतं. रेघा सरकत राहिल्या, ती पाहत राहिली. मग ती सरळ झाली आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली.

"मशीन चुकलं," ती म्हणाली. "मान्य. पण अहो, मला ते कळलं नाही नं. खोलीतल्या प्रत्येकीला कळलं, दोन सूर वेगवेगळे आहेत. मी एकटी मधोमध बसून मजेत गात होते."

मी म्हणालो की मी चाक बदलीन, मोटर बदलीन, व्होल्टेजला स्टॅबिलायझर लावीन, पुन्हा असं होणार नाही. तिने माझे ओठ शेवटपर्यंत वाचले. मध्ये तोडलं नाही.

"पुढच्या वेळी चूक माझी असेल," ती म्हणाली. "तेव्हाही मला कुणाचं तोंड बघूनच कळेल. ते बघायला नको मला आता."

तिने चकती उचलली, पुन्हा पाकिटात घातली आणि माझ्या हातात दिली.

मी चाक बदललं. मोटर उघडून जुनं वंगण काढलं, नवं घातलं. स्टॅबिलायझर आणला. आता भर थंडीत, भर लग्नसराईत, मॅरेज गार्डनचे सगळे दिवे लागलेले असले तरी रेघा जागच्या हलत नाहीत. मी अधूनमधून चकती ठेवून पाहतो. इतका अचूक तानपुरा ग्वाल्हेरात दुसऱ्या कुणाच्या घरी नसेल, आणि आमच्या घरात तो ऐकून समजेल असं कुणी नाही. ती पेटारे पुसते. सगळे पुसते, मोठाही पुसते, पण चालू असताना नाही, आणि बांगड्या मनगटावर ठेवून. लाकडावर त्या वाजतात ते मला ऐकू येतं.

दिल्लीहून एक जण पेटारे पाहायला येऊन गेला. त्याला सगळेच हवे होते. मी तिला विचारलं, देऊ का. ती म्हणाली, तुमची हौस आहे, राहू द्या. माझी हौस नव्हती ती, हे तिला माहीत आहे. मी त्या माणसाला ‘नाही’ म्हणून कळवलं.

एवढ्यात एक गोष्ट घडते आहे, आणि ती मी कुणालाही बोललेलो नाही, शिष्येलाही नाही. सकाळी ती पोळ्या करते तेव्हा मी बाहेर पेपर वाचत असतो. एक दिवस आतून काहीतरी आवाज यायला लागला. मला वाटलं, कुकर. दाराशी जाऊन पाहिलं तर तिची माझ्याकडे पाठ होती, लाटणं चाललं होतं, आणि ती गुणगुणत होती. हलक्या आवाजात, पण चांगलं ऐकू येईल इतपत. आवाज बाहेर पडतोय हे तिला माहीत नसावं. तिला वाटत असणार, ते मनातच चाललंय.

मला सूर कळत नाही. तिथे माझ्यासमोर कुणाचा चेहराही नव्हता. म्हणून मी मोबाइल काढला, शिष्येने त्यात भरून दिलेलं ते सूर मोजायचं उघडलं आणि दाराच्या कडेने आत धरलं. काटा दोनदा थरथरला आणि थांबला. काळी चार. मी तसाच उभा राहिलो. तिने पोळी उलटली, दुसरी लाटायला घेतली, पुन्हा ‘सा’वर आली, पुन्हा काटा तिथेच.

आता मी रोज पेपर घेऊन दाराच्या आड बसतो. रोज काटा तिथेच असतो. अजून तिचा सा तसूभरही हललेला नाही, आणि हे जगात फक्त मला माहीत आहे, ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तिला सांगावं असं रोज मनात येतं. एकदा मी दारात जाऊन उभाही राहिलो. तिला चाहूल लागली, ती वळली आणि काय हवंय म्हणून भुवया उंचावल्या. गुणगुणणं थांबलं.

मी चहा मागितला. सांगितलं असतं, तर ते तिने बंद केलं असतं.